डोंग्याला रंग लावणेबाबत

५ एप्रिल, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणारी माणसं नोंदी ठेवतात. वही ऑफिसची आहे, पण मागची पानं कोरीच जाणार होती, सबब त्यात गैर काही नाही.

वही हरवल्यास सापडणाऱ्याच्या माहितीसाठी: मी प्रीतम, वय ४७, कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क, राहणार इंदोरा, नागपूर. घर सासऱ्यांचं आहे. तात्पुरती व्यवस्था. गेली अकरा वर्षं.

सासऱ्यांनी, म्हणजे बापूजींनी, दोन वर्षं खपून पोर्चमध्ये एक होडी बांधली आहे. पंधरा फूट. ते रेल्वेच्या वर्कशॉपात सुतार होते. रिटायर होऊन सतरा वर्षं झाली तरी हाताला चैन नाही. सागाच्या बोटभर पट्ट्या एकाला एक चिकटवल्या, वर काचेचं कापड, त्यावर इपॉक्सीचे तीन पारदर्शक हात. याला कनू म्हणतात. बापूजी डोंगा म्हणतात. मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

आज सकाळी चहा पिताना म्हणाले, "झाला डोंगा. आता पाण्यात टाकाचा."

मी म्हणालो, असा? बिनरंगाचा? फिनिश कोट कुठे आहेत? निळं पिगमेंट घालून इपॉक्सीचे तीन हात द्यायला हवेत, त्याशिवाय ही वस्तू अपूर्ण आहे. मी सहा व्हिडिओ पाहिलेत. मी देतो.

ते थोडा वेळ डोंग्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तं देऊ, जवाईबापू."

या घरात जावयाला काम सांगत नाहीत. जेवलेलं ताट उचलायला गेलो तरी हातातून काढून घेतात. त्यांचा मान राखावा म्हणून मी अकरा वर्षांत ताट उचललेलं नाही. पण शेवटी कामाच्या वेळी विश्वास टाकला तो माझ्यावरच.

नियोजन: १४ ला जयंती. १५ ला सकाळी टेम्पोत घालून मौद्याच्या पुढे बापूजींच्या गावी, आणि तलावात. दहा दिवस म्हणजे भरपूर झाले.

७ एप्रिल
इतवारीत जाऊन रेझिन, हार्डनर, निळं पिगमेंट, फोमचे रोलर आणले. दुकानदार सांगत होता की रेझिन दोन भाग आणि हार्डनर एक भाग, काट्यावर मोजूनच घ्या, अंदाजपंचे करू नका. त्याला सांगितलं की पंचवीस वर्षं हजेरीपत्रक सांभाळणाऱ्याला मोजमाप शिकवू नये. मनातल्या मनात सांगितलं.

काटा घेतला नाही. नजर आहे.

१० एप्रिल
आज तयारी पुष्कळ झाली. मोनाली (माझी पत्नी) ऑफिसला गेल्यावर बाथरूमच्या मगात एक लिटर मिश्रण केलं. घोटून पिगमेंट मिसळलं. रंग असा झाला की बघत राहावं. पंधरा मिनिटं बघत राहिलो.

मग मगातून धूर निघाला.

४२ डिग्रीत हे मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि जागेवर दगड होतं, हे सहाव्या व्हिडिओच्या शेवटी होतं. शेवट मी पाहिला नव्हता. प्लास्टिकचा मग वितळून फरशीला चिकटला. मगावर कुंडी ठेवण्यात आली आहे. मोनालीनं कुंडी इथे कशी म्हणून विचारलं. पोर्चमध्ये हिरवळ हवी, असं उत्तर देण्यात आलं.

बापूजी खोलीतून खोकले. नाकाला वास गेला असावा.

११ एप्रिल, सकाळी ७
पहिला हात दिला! थोडं थोडं कालवून. हार्डनर अंमळ जास्त घातला, म्हणजे लवकर वाळेल. बासुंदीत साखर जास्त झाल्याने कोणी मेलेलं नाही.

उत्साहात आतली बाकंही रंगवली. बाकं दोनच आहेत. तीन माणसांच्या घरातल्या होडीला दोन बाकं का, हे बापूजींना विचारायचं राहिलं.

११ एप्रिल, संध्याकाळी
ओलं.

१२ एप्रिल
ओलं नाही म्हणता येणार. ओलसर. शेजारच्या कडुनिंबाला मोहोर आलाय, त्याची फुलं झडून डोंग्याच्या डाव्या अंगाला बसली आहेत. काढायला गेलो तर चिमट्याला तार सुटते, गुळाच्या पाकाला सुटते तशी. लोक मुद्दाम अशी नक्षी करून घेतात.

१४ एप्रिल
जयंती. सगळं इंदोरा रस्त्यावर. पांढरे कपडे घालून मिरवणुकीला निघालो, जाताना डोंग्याला सहज टेकलो. परत येऊन शर्ट बदलला. रंग निळाच असल्याने कोणाला काही वाटलं नाही, उलट दोघांनी शर्ट कुठून घेतला विचारलं.

डोंग्याच्या नाकाशी रंगात एक अंगठा उमटलाय. स्पष्ट. दूधवाल्याला समज देणे.

१५ एप्रिल
आज गावी जायचं होतं. बापूजींना सांगितलं की इपॉक्सीला मुरू द्यावं लागतं, लोणच्यासारखं. ते "बरं" म्हणाले. त्यांनी नवा लेंगा-सदरा घातला होता, तो काढून ठेवला.

दुपारी गावाहून आत्याबाईंचा फोन आला. प्रयागबाई, बापूजींची थोरली बहीण, वय ८२, एकट्या राहतात. फोन कानाला न लावता समोर धरून बोलतात, त्यामुळे सगळ्या घराला ऐकू येतं. "पानी सातव्या पायरीवर गेलं गा, बळीराम. कवा येतं?" तलावाच्या घाटाला वीस पायऱ्या आहेत. सात उघड्या पडल्या. उन्हाळ्यात रोज पाणी खाली जातं, जूनपर्यंत तळ दिसतो.

मी मोनालीला म्हटलं, त्यांना एवढी काय घाई?

मोनाली भाजी चिरत होती. म्हणाली, "तुम्हाले माहीत नाई?" मग सांगितलं. बापूजींची आई तलावाच्या पलीकडच्या काठाला मालगुजाराच्या वाडीत मजुरीला जायची. ही दोन लेकरं रोज तिची भाकर घेऊन तलावाला वळसा घालून जायची, दीड कोस. समोर मालगुजाराचा डोंगा ये-जा करायचा. त्यात यांना बसू देत नसत. का देत नसत, हे मी मोनालीला विचारलं नाही, ते मला ठाऊक आहे. माझ्या आज्याचीही अशी एक विहीर होती. एक दिवस बहिणीच्या पायात काटा मोडला, तरी डोंगा थांबला नाही. तेव्हा बापूजी तिला म्हणाले होते की मी डोंगा बनवीन आणि तुले सरळ नेईन.

तेव्हा ते आठ वर्षांचे होते.

मला वाटलं होतं, म्हाताऱ्याचा छंद आहे. आज जेवण गेलं नाही. मोनालीने पुरणपोळी केली होती, तीनच खाल्ल्या.

संकल्प: २५ एप्रिलच्या आत काम पूर्ण. रोज पहाटे पाचला उठणे.

१६ एप्रिल, सकाळी ८.४०
उठलो.

२० एप्रिल
सखोल विचार केला. दोष माझ्या हाताचा नसून हवामानाचा आहे. सर्व व्हिडिओ थंड देशातले आहेत. त्यांच्याकडे कामाची जागा गार असते. आपल्याकडे गार जागा म्हणजे कूलरसमोर. सबब डोंग्याला कूलर हवा.

बापूजींच्या खोलीतला कूलर पोर्चमध्ये हलवण्यात आला.

आमच्या खोलीतला का नाही? तो खिडकीत पक्का बसवलेला आहे. चार स्क्रूंनी. बापूजींच्या कूलरला चाकं आहेत, जणू त्यासाठीच. शिवाय मी त्यांना रीतसर विचारलं. ते म्हणाले, "न्या नं. मले गरमी समजत नाई. वर्कशॉपात भट्टीजवळ जिंदगी गेली." मग उठून पाइप स्वतः मोकळा करून दिला.

मोनाली आल्यावर म्हणाली, "बाबाच्या खोलीतला कूलर काहून काढून राहिले तुम्ही? डोंग्याले घाम येऊन राहिला काय?" तिला तांत्रिक बाजू समजावून सांगितली. ती ऐकता ऐकता आत निघून गेली.

दोन दिवसांचा प्रश्न आहे.

२३ एप्रिल
दुसरा हात परवा दिला, कूलरच्या गार वाऱ्यात. आज सकाळी डोंगा पांढरट पडलाय. निळ्यावर दुधाची साय धरावी तसं. हात लावला तर तेलकट. आणि कूलरच्या ताट्यांमधली वाळ्याची खस उडून सगळीकडे बसली आहे. वास मात्र चांगला येतो.

व्हिडिओ पुन्हा पाहिला. ओलसर हवेत इपॉक्सी असं करतं, हवा कोरडी पाहिजे असं तो सांगतो. नागपूरच्या एप्रिलमध्ये हवा किती कोरडी असते? ओठ फुटतात इतकी. ती ओलसर करण्यासाठी मी तीन दिवस कूलर चालवला.

हे वाक्य खोडायचं होतं, पण वही ऑफिसची आहे, खाडाखोड चालत नाही.

कूलर आज परत करायला हवा. मात्र लगेच परत केला तर चूक मान्य केल्यासारखं होईल. दोन दिवसांनी, सहज म्हणून.

२६ एप्रिल, रविवार
सकाळी सहाला बाहेर आवाज आला म्हणून उठलो. बापूजी बादलीने पोर्चमधल्या कूलरमध्ये पाणी भरत होते. डोंग्यासाठी. म्हटलं, अहो राहू द्या. म्हणाले, "टाकी खाली राहिली तं पंप जळते."

मला वाटायचं या कूलरला आपोआप पाणी येतं. नळी वगैरे असेल.

ते खोलीत गेले. पंखा लावल्याचा आवाज आला. तो पंखा गरम हवा इकडची तिकडे करतो, दुसरं काही नाही. मी पुन्हा झोपलो, पण झोप चांगली लागली नाही. साडेनऊला उठलो.

नाकाशी आज दुसरा अंगठा. त्याच जागी. दूधवाल्याने सुट्टी घेतलेली आहे.

१ मे
बुद्ध पौर्णिमा. मोनालीने खीर केली. संध्याकाळी विहारात गेलो. पंचशील घेताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, घशात काहीतरी अडकलं. मनुका असावी.

बापूजींनी बाहेर येऊन विचारलं, "किती रायलं, जवाईबापू?" मी म्हणालो, नव्वद टक्के झालं.

आत्याबाईंचा फोन. अकरावी पायरी. "घाई नाई गा," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पन पानी कोनासाठी थांबत नाई."

३ मे, रविवार
पॉलिश पेपरने घासून पांढरं काढायचं ठरवलं. पेपर डोंग्याला चिकटला. तो काढताना अर्धा आला, अर्धा राहिला. राहिलेला भाग रंगाखाली झाकला जाईल.

१० मे
तिसरा हात. यात हार्डनर रेझिनच्या बरोबरीने घातला. खालचे दोन थर ओले असले तरी वरचा थर त्यांना धाक दाखवून वाळवील अशी माझी थिअरी आहे. ऑफिसात कडक साहेब आला की सगळे वेळेवर येतात.

१२ मे
ऑफिसात कडक साहेब आला की पहिले दोन दिवस येतात.

डोंगा आता तीन थर ओला आहे. कूलर अजून पोर्चमध्येच. परत न्यायचं रोज ठरतं. पण तो नेला की पोर्च तापेल आणि रंग ओघळेल असं वाटतं. तसा तो आताही ओघळतोच आहे.

पंधरावी पायरी.

१६ मे
४५ डिग्री. बापूजी जेवले नाहीत. नुसतं पन्हं घेतलं. मोनालीने आमच्या खोलीत झोपायला या म्हणून सांगितलं. "लेक-जावयाच्या खोलीत झोपू काय?" म्हणाले. हे बरोबरच आहे. जुन्या माणसांची मर्यादा असते, आपण जबरदस्ती करू नये.

उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून बापूजींच्या सदऱ्याच्या खिशात कांदा ठेवण्यात आला. तो मी स्वतः निवडला. मोठा.

त्यांनी कांद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "किती करता तुम्ही" म्हणाले.

१९ मे, मंगळवार
बापूजी दुपारी खोलीत पडले. लू लागली, म्हणजे उष्माघात. मोनालीनेच पाहिलं, ती हाफ डे घेऊन आली होती. मी पोर्चमध्ये होतो, कूलरसमोर. कूलरचा आवाज मोठा आहे, तिची पहिली हाक ऐकू आली नाही. दुसरीही नाही.

अंग तव्यासारखं तापलं होतं. मला ओळखलं नाही. मोनालीने मी कोण आहे ते त्यांना सांगितलं तेव्हा डोक्यावर टोपी आहे का चाचपलं. जावयासमोर उघड्या डोक्याने नको म्हणून.

हॉस्पिटल. सलाईन. डॉक्टर म्हणाले, खोलीत कूलर नाही काय? मी सलाईनची बाटली किती उरली ते बघितलं. कांदा खिशातच होता. नर्सने काढून टेबलावर ठेवला.

२० मे
हॉस्पिटलात बसून लिहीत आहे. बापूजी झोपले आहेत. ताप उतरला. धोका नाही असं डॉक्टर म्हणाले, दोनदा विचारून घेतलं.

सलाईनचा हात चादरीवर आहे. उजवा. अंगठ्याच्या पेरावर आडवा व्रण आहे, वर्कशॉपात पटाशी लागली होती तो. आणि अंगठा निळा आहे. नखाच्या कडांत, रेषांत, सगळा निळा.

मतदानाची शाई असू शकते. मात्र सध्या मतदान नाही. आणि शाई बोटाला लावतात.

संध्याकाळी घरी जाऊन डोंग्याचं नाक बघितलं. अंगठे मोजले, नव्या थरांखालून दिसणारे जुनेही धरून. एकवीस. प्रत्येकात ती आडवी रेघ आहे. सकाळी उठून, कूलर आल्यापासून त्यात पाणी भरून झालं की, ते एकदा अंगठा लावून बघत असणार, वाळला काय म्हणून. आणि मी रोज नाश्त्याला त्यांना सांगत होतो की झालंच.

एकदाही बोलले नाहीत. चाळीस वर्षं लाकूड, सरस, पॉलिश यांत काढलेला माणूस. त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असणार. दूधवाल्याची माफी मागायला हवी. त्याला मी बरंच बोललो होतो.

२२ मे
बापूजी घरी आले. कूलर त्यांच्या खोलीत आहे. मी उचलायला पोर्चमध्ये गेलो तेव्हा जागा रिकामी होती. मोनालीने एकटीने ढकलत नेला. फरशीवर चाकांची रेघ आहे. ती माझ्याशी बोलते, पण "हो" आणि "नाही" एवढंच. आज "हो" आलं नाही.

२५ मे
नवतपा सुरू, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. बापूजींना उशीला टेकून बसवलं. म्हणाले, "आता जाऊन येऊ गावाले."

मी म्हणालो, चौथा हात दिला तर कदाचित...

आजवर त्यांनी मला कशालाही नाही म्हटलेलं नाही. आजही म्हटलं नाही. म्हणाले, "चौथा हात पाण्यात गेल्यावर देऊ, जवाईबापू."

३१ मे
आत्याबाईंचा फोन आला नाही. आपणच केला. उचलला, म्हणाल्या, पायऱ्या संपल्या. "आता चिखल हाये. मधात डबकं हाये थोडंसं. म्हशी बसतात." मोनालीने विचारलं, मग पुढच्या वर्षी करायचं काय आत्याबाई? मग म्हणाल्या, "पुढच्या वर्साचं मले नको सांगू वं."

येत्या रविवारी जायचं ठरलं. कोणी ठरवलं ते कळलं नाही, पण मी नाही.

७ जून, रविवार. गावाहून परत आल्यावर
सर्व क्रमाने लिहितो.

चंद्रभानचा टेम्पो पहाटेच आला. डोंगा चढवताना त्याच्या हाताला चिकटला. तो म्हणाला, "पेंट कवा मारला जी, आज?" बापूजी म्हणाले, "आजच म्हना." ओरखडे नकोत म्हणून मी डोंग्याला जुनी वर्तमानपत्रं गुंडाळली. मौद्यापर्यंत ती कायमची बसली. डोंग्याच्या उजव्या अंगावर एक निविदा सूचना आणि साडीच्या सेलची अर्धी जाहिरात आहे. खाली कडुनिंबाची फुलं, खस, पॉलिश पेपर. निळा रंग जिथे दिसतो तिथे चांगला आहे.

आत्याबाई घाटावर उभ्या होत्या. पांढरं लुगडं, नवं. हातात काठी. विसाच्या वीस पायऱ्या कोरड्या. खाली चिखल, आणि चिखलाच्या मध्ये पलीकडच्या काठापर्यंत गेलेली पाण्याची एक पट्टी, गुडघाभर. म्हशी होत्या, त्या चंद्रभानने उठवल्या.

आत्याबाईंनी डोंग्याला हात लावला, हात बघितला, घरात गेल्या आणि चुलीतली राख घेऊन आल्या. मासोळी धुताना राख लावतात तशी दोन्ही बाकांना चोळली. लुगडं चिकटू नये म्हणून. मला काही विचारलं नाही.

बाकं दोन आहेत. तरी मी मधे बसलो, कारण वल्हं मी मारणार असं जानेवारीपासून घरात सांगत आलो होतो. माझं वजन ९४ किलो. डोंगा जागच्या जागी चिखलात बसला. वल्ह्याने जोर लावला तर वल्हं रुतलं. बापूजी म्हणाले, "थोडं हलकं करावं लागते." कोण हलकं करायचं हे त्यांनी सांगितलं नाही.

मी उतरलो. डोंगा लगेच वर आला.

मग पुढे दोरी धरून मी चिखलातून चाललो आणि डोंगा मागून आला. पँट मांड्यांपर्यंत चिखलात गेली, एक चप्पल आत राहिली. मागे दोघं बसली होती, पुढे बहीण, मागे भाऊ. दोघंही ताठ. बापूजींनी नवा सदरा घातला होता, एप्रिलात घडी घालून ठेवलेला तोच.

मधे आल्यावर आत्याबाईंनी वाकून पाण्यात हात घातला. म्हणाल्या, "येवढं जवळ होतं काय गा, बळीराम?"

बापूजी म्हणाले, "हो नं."

मी मागे वळून बघितलं नाही. दोरी धरायला दोन्ही हात लागत होते, नाक पुसता येत नव्हतं.

पलीकडे पोचायला वीस पावलं उरली असतील. त्यांना वाटलं असेल मी लांब आहे. पाण्यावरून आवाज लांब जातो, हे त्यांना माहीत नसावं. किंवा असावं.

आत्याबाई म्हणाल्या, "चैतात काहून नाई आनला? तवा भरून होता तलाव. मले पाठवत होता नं निरोप, झाला डोंगा म्हनून."

"झालताच. रंग रायला होता."

"डोंग्याले रंग कायले लागते?"

बापूजी म्हणाले, "डोंग्याले नाई लागत. जवाईबापूले लागत होता."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. आत्ता लिहिताना वहीचं पहिलं पान उघडून बघितलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: झाला डोंगा, आता पाण्यात टाकाचा. तीन हात त्यांनी दिलेलेच होते. पाणी आत येणार नव्हतं. त्या दिवशी तलाव पाचव्या का सहाव्या पायरीवर होता, आणि तीन माणसं बसली असती तरी डोंगा तरला असता.

दोन महिने तो म्हातारा माणूस माझा रंग वाळण्याची वाट बघत होता.

पलीकडे आत्याबाई उतरल्या. लुगड्याला मागे निळा डाग पडला होता, राखेतूनही. मी म्हणालो, आत्याबाई, तुमचं लुगडं खराब झालं. त्यांनी पदर पुढे घेऊन डाग बघितला आणि म्हणाल्या, "राहू द्या. आठवन राहील कशात बसली होती ते."

मी तिथेच, चिखलात उभं राहून, बापूजींना म्हणालो की कूलर मी नेला होता. हार्डनर मी जास्त घातला. वाळणार नाही हे मला बुद्ध पौर्णिमेपासून माहीत होतं. चुकलो.

ते म्हणाले, "पाय धुवा, जवाईबापू. जळवा असतात."

८ जून, सोमवार, सकाळी ६
उठलो. बापूजी झोपले होते, त्यांच्याआधी. आवाज न करता त्यांच्या कूलरची मागची ताटी काढली आणि टाकीत पाणी भरलं.

आठ बादल्या लागतात. अकरा वर्षं या घरात राहतो, मला माहीत नव्हतं.

आमच्या कूलरलाही आठ.